जयवंतीचं गाणं माझ्या नावावर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

पंच्याऐंशीच्या आसपास मी कळव्याला राहायचे आणि ठाण्यातल्या एका ऑर्केस्ट्रात गायचे. जयवंती बाळकुमच्या कोळीवाड्यातली, आमच्या कोरसमध्ये होती. नवरा खाडीवरून परत येत नाही आणि बायको त्याचं जेवण झाकून बसून राहते — असं एक संथ गाणं तिने स्वतः रचलं होतं. कोळीगीत म्हणजे नाचायचं, असं सगळे धरून चालायचे. हे गाणं सुरू झालं की नाचणारेही खाली बसायचे.

डोंबिवलीत एका फ्लॅटच्या आतल्या खोलीत, भिंतींना गाद्या लावून, एका कॅसेटवाल्या शेठने ते रेकॉर्ड केलं. जयवंती गायली, मागे मी. शेवटच्या कडव्यात वर जाताना तिचा आवाज जरा फाटायचा. मला तो दोष वाटायचा. खरंच वाटायचा? — नाही. मला तसं गाता येत नव्हतं, इतकंच.

महिन्याभराने शेठचा निरोप आला. रेकॉर्डिंगमध्ये ढोलकी फार पुढे आलेली, तिचा आवाज त्याखाली दबलेला. गाणं पुन्हा करायचं, मंगळवारी तिला घेऊन ये. जयवंतीकडे फोन नव्हता. कळव्याहून बाळकुमला जायला असा किती वेळ लागतो? — मी गेले नाही. मंगळवारी एकटीच डोंबिवलीला गेले आणि सांगितलं, "तिचं लग्न ठरलंय. सासरच्यांना गाणं चालणार नाही."

"मग तूच गा," शेठ म्हणाले.

मी गायले. कॅसेटवर माझं नाव आलं, गाण्यापुढे 'पारंपरिक' असं छापलं. ते मीच सांगितलं होतं. कळव्यापासून कल्याणपर्यंत हळदीच्या मांडवात ते गाणं वाजायला लागलं.

एवढंच असतं तर कधीतरी कोणाला सांगूनही टाकलं असतं — वय लहान होतं, संधी होती, असं काहीबाही जोडून. पण सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

कॅसेट आल्यावर जयवंती माझ्या घरी आली. मला वाटलं, भांडायला आली. ती पाणी प्यायली, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "बेस झाला, तू तरी गायलीस गो. मना बोलावला नाय, तवाच समजला — माजा आवाज त्यांना पसंत नाय. तसाच ना?"

ती विचारत होती. एका शब्दाचं काम होतं — नाही.

मी म्हणाले, "हो. फाटतो म्हणाले."

तिने मान डोलावली. मी चहा ठेवला. तिने तो घेतला.

त्यानंतर ती कोरसला आली नाही. त्र्याण्णवला तिच्या धाकट्या भावाच्या हळदीत मला गायला बोलावलं — तिनेच. त्याच गाण्यासाठी. बायका तिला ओढत होत्या, तू पण गा म्हणून. ती हात सोडवून घेत हसत म्हणाली, "नको गो, मना गायला येत नाय."

मी माईकसमोर उभी होते. मला ऐकू आलं.

मी गायले. लोकांनी पुन्हा मागितलं, तेव्हा पुन्हा गायले.