निळ्या पेल्याचा काठ

ग्लासगोत आल्यावर पहिलं वर्ष मी नुसती चिडचिड केली. नागपुरात मी शाळेत चित्रकला शिकवायचे. इथे माझ्या नोकरीच्या अर्जांना साधी उत्तरंही येत नव्हती. नवरा सकाळी बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये बुडायचा आणि मी खिडकीशी बसून जगाला शिव्या घालायचे. अशात लायब्ररीच्या बोर्डावर जपानी पद्धतीनं काच कोरायच्या क्लासची नोटीस दिसली. हाताला काहीतरी काम हवंच होतं, घातलं नाव.

शिकवणाऱ्या बाई जपानी, सत्तरीच्या, लग्न करून इथे आलेल्या आणि इंग्लिश मात्र अस्सल ग्लासगोचं बोलणाऱ्या. कोरायचा तो काचेचा पेला. बाहेरून निळा दिसतो, पण तो निळा म्हणजे वरची पातळ साल. आत सगळी पारदर्शक काच. पेला दोन्ही हातांनी धरून खाली फिरणाऱ्या चाकावर टेकवायचा. तेवढी साल निघते आणि रेघ चमकायला लागते. चाक बाहेरून कापतं आणि आपण पेल्याच्या आतून, काचेतून बघायचं. आखणी म्हणजे मोजक्या उभ्या-आडव्या रेघा, त्याही तांबड्या मातीच्या. आमचा गेरूच तो! बघून जीव हरखला. बाकी सगळी नक्षी डोळ्यात आणि हातात.

शिकायचं साध्या, बिनरंगी पेल्यांवर. रंगीत पेले जपानहून येत, म्हणून प्रत्येकाला एकच मिळणार होता. ज्याचा पेला वापरण्याजोगा निघेल त्यालाच बाई उन्हाळ्यानंतर आपल्या हाताखाली कामाला घेणार होत्या. मला ती जागा हवी होती. शेंडी तुटो की पारंबी, हवीच होती.

माझा निळा पेला झकास चालला होता. काठाजवळची शेवटची फुली तेवढी राहिली, आणि तिची एक रेघ मला जरा पुसट वाटली. लहानपणापासून दारात रांगोळी काढलेला हात माझा. रेघ पुसट आली की तिच्यावरून अजून एक चिमूट सोडायची, हे हाताला सांगावं लागत नाही. मी त्याच रेघेवर पेला पुन्हा टेकवला, आणि मग आणखी एकदा. चाकाचा आवाज बदलला आणि मसुराएवढं भोक आरपार दिसलं.

बाईंनी पेला उजेडात धरला, टेबलावर ठेवला आणि केराच्या डब्याकडे बोट दाखवलं. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. त्याहून जास्त माझ्या हाताचा आला. पेला मी मोज्यात गुंडाळून घरी आणला आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

नवऱ्याचं म्हणणं, फुटकी काच घरात ठेवू नये, इडापिडा टळली म्हणायचं आणि टाकून द्यायची. एरवी हा माणूस असलं काही मानत नाही! मी त्याला म्हटलं, पेला फुटलेला नाही, त्याला भोक पडलंय, आणि तू तुझं सॉफ्टवेअर बघ.

भोक काठाच्या जवळ होतं. म्हणजे त्याच्या खालचा पेला धडधाकट होता की! पुढच्या गुरुवारी मी क्लास सुरू व्हायच्या आधीच जाऊन बसले. पातळ चाकानं भोकाखालून पेला गोल कापून काढला. मग सपाट चाकावर ओली रेती टाकून काठ घासायला लागले. बाकीचे हसत होते, हसू देत. बाई येता-जाता बघायच्या. काठ डोळ्याला सरळ दिसायचा, पण ओठाला कुठे ना कुठे टोचायचाच. बोटांची सालं गेली, पोळ्या लाटताना कणकेचं मीठ झोंबायचं. तरी घासत राहिले. ओठाला टोचणारा पेला वापरण्याजोगा कसा म्हणायचा?

उन्हाळ्याच्या शेवटच्या क्लासला सगळ्यांनी आपापले पेले मांडले. त्या रांगेत माझा बुटका पेला मी सगळ्यात शेवटी ठेवला. बाईंनी एकेक उचलून पाहिला. माझा उचलला तेव्हा त्यांनी काठावरून आधी बोट फिरवलं, मग त्यात पाणी ओतून सावकाश प्यायल्या. सगळं.

"लहान आहे," त्या म्हणाल्या.

"आहे," मी म्हटलं. "पण पूर्ण आहे."

त्यांनी पेला धुतला नाही. तसाच पुन्हा भरला आणि माझ्यासमोर धरला. त्यांच्याकडे, त्या म्हणाल्या, ज्याच्याबरोबर काम करायचं त्याला आपल्याच पेल्यातून देतात.

मी जन्मात कुणाचं उष्टं प्यायले नव्हते, आईचंसुद्धा. तो पेला मी दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात रिकामा केला.