निखिलचं घड्याळ

रविवारी पहाटे आमचा धावणाऱ्यांचा गट यवतेश्वरचा घाट चढतो. गेल्या हिवाळ्यापासून सुधाताईही येऊ लागल्या. वय साठीचं, त्यामुळे त्या सगळ्यांच्या मागे असतात. त्यांचा मुलगा निखिल आमच्यातला सर्वांत वेगवान होता. वर्षापूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन गेला.

परवा मी त्यांच्या सोबतीला मागे राहिलो. पुढचे सगळे धुक्यात दिसेनासे झाले होते. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं, तशी त्यांनी पावलं उचलली.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"मागे पडलास म्हणतंय. निखिलचं आहे ना, त्याचाच वेग धरून बसलंय."

"मी त्यातला वेग बदलून देतो, ताई. दोन मिनिटांचं काम."

त्यांनी मनगट छातीशी धरलं. "नको. तो गेला, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही."

माणसाला आपण निरोप देतो. त्याच्या वस्तूंना कोण कळवणार? त्या हाका मारतच राहतात.

वळणावर घड्याळ पुन्हा थरथरलं. ताईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आले रे, आले," त्या समोरच्या धुक्याला म्हणाल्या, आणि मला मागे टाकून निघून गेल्या.