वळणाखालचे रूळ

डांबर हा माझ्या कामाचा विषय आहे. शिक्षण पुण्यात झालं, नोकरी ऑकलंडमध्ये करते, आणि गेली बरीच वर्षं रस्ते आणि गोदामांची आवारं का खचतात हे शोधून काढते. टौरंगाकडे किवीफळांच्या एका गोदामाच्या आवारात जड फोर्कलिफ्टखाली डांबर कसं सरकत जातं, यावर मी एक अहवाल लिहिला होता. आमच्या कंपनीच्या अमेरिकेतल्या ऑफिसात तो कुणीतरी वाचला आणि त्या अहवालामुळे मी मोटारींच्या शर्यतीत ओढली गेले. एरवी त्या खेळाशी माझा काही संबंध नव्हता. संबंध होता तो नवऱ्याचा.

नवरा आयटीत आहे. उघड्या चाकांच्या, एकाच माणसाला बसता येईल अशा त्या लांबट गाड्यांच्या रेसेस तो पुण्यात असल्यापासून बघतो. अमेरिकेतली रविवार दुपारची रेस आमच्याकडे सोमवारी सकाळी लागते, त्यामुळे वर्षातले काही सोमवार तो घरूनच काम करतो. म्हणजे लॅपटॉप उघडा असतो.

काम असं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका शहरात काही वर्षांपासून ही आंतरराष्ट्रीय रेस भर रस्त्यांवर होत होती. शेवटच्या दोन्ही वर्षी एका वळणावर डांबर उखडलं आणि खडी उडाली. शहराबरोबरचा करार संपत आला होता आणि दुसरं एक जास्त झगमगाटी शहर टपून बसलं होतं. रेसवाल्यांनी सांगितलं, रस्ता सुरक्षित असल्याचा तटस्थ अहवाल आणा, मग कराराचं बघू. रेस भरवणाऱ्या तिथल्या समितीच्या इंजिनियरवर रेसच्या विरोधकांचा विश्वास नव्हता आणि विरोधकांच्या इंजिनियरवर समितीचा. म्हणून दोघांशीही घेणंदेणं नसलेली, जगाच्या दुसऱ्या टोकाची मी.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो ऑकलंडमधल्याच पापाटोएटोच्या बाजारात मेथीच्या जुड्या निवडत होता. जुड्या तशाच ठेवून तो माझ्याकडे वळला.

"तुला कळतंय का हे काय आहे ते?"

"रस्ता आहे," मी म्हटलं.

घरी येईपर्यंत त्याने मला सगळा इतिहास ऐकवला. अमेरिकेत गाड्यांचं वेड प्रचंड, पण ते त्यांच्या स्वतःच्या रेसेसचं. ही परदेशातून येणारी रेस तिथे कधी रुजलीच नाही. कधी हॉटेलच्या पार्किंगमध्ये भरवली, कधी उन्हाने वितळणाऱ्या रस्त्यावर, कधी रिकाम्या स्टँडसमोर. "दर चार वर्षांनी बिऱ्हाड हलवते बिचारी," तो म्हणाला. "या गावात आत्ता कुठे लोक तिला आपली म्हणायला लागलेत. तू नीट बघ हं."

नीट म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी तिथे आठवडाभर होते. मे महिना होता, पण ऊन असं की बुटांचे तळवे रस्त्याला किंचित चिकटत होते. शहराच्या रस्ते खात्याने एक मुकादम माझ्यासोबत दिला होता. साठीच्या आसपासचा, जाडजूड, कमी बोलणारा माणूस. रेस सुरू झाल्यापासून दर वर्षी तो रस्ता त्याच्याच हाताखालून जात होता. या गाड्या जमिनीला चिकटून पळाव्यात म्हणून त्यांच्या पोटाखाली हवेची ओढ तयार होते. ती ओढ मॅनहोलचं लोखंडी झाकणसुद्धा उपटू शकते, म्हणून रेसच्या आधी सगळी झाकणं वेल्ड करून टाकतात. त्याला प्रत्येक झाकण तोंडपाठ होतं. चालता चालता तो पायाने दाखवायचा, "हे कुरकुर करतं. हे शहाणं आहे."

शहराने दिलेल्या नकाशांवरून मी डांबर उखडलेल्या वळणावर आणि आजूबाजूला सहा जागा ठरवल्या होत्या. तिथे यंत्राने गोल भोक पाडायचं, आतला दंडगोल बाहेर काढायचा आणि थर बघायचे. सहाही जागांचे थर नकाशाप्रमाणे निघाले. वर डांबर, खाली जाड खडी, त्याखाली मुरूम. डांबर मऊ पडलं होतं, पण ते काढून नवं घालता आलं असतं. दोन महिन्यांचं काम. मी मनातल्या मनात अहवाल लिहायलाही लागले होते.

तेवढ्यात मुकादमाने खिशातून खडू काढला. त्या वळणाच्या आतल्या बाजूला, माझ्या जागांपासून बरंच लांब, त्याने रस्त्यावर फुली मारली.

"मॅडम, इथेही एक काढा."

"का?"

"यंत्र आहेच इथे," तो म्हणाला.

काढलं. डांबराखाली खडी यायला हवी होती, तिथे विटेचा लाल चुरा आला. त्याखाली काळं, ओलं लाकूड. यंत्र जरा बाजूला सरकवलं, तर पातं लोखंडावर घासलं. जुन्या ट्रामचे रूळ होते. कधीतरी ट्राम बंद झाली आणि रूळ न काढताच वर रस्ता घातला गेला. कुठल्याच नकाशात त्यांची नोंद नव्हती. खालचे स्लीपर कुजले होते, त्यामुळे वर कितीही चांगलं डांबर घातलं तरी ते सरकणारच होतं. आता वळण खालपर्यंत खणायला हवं, रूळ काढायला हवेत, पाया नव्याने भरायला हवा, आणि तो बसायला एक पूर्ण मोसम द्यायला हवा. म्हणजे एक वर्ष रेस नाही. आणि एक वर्ष रेस नाही म्हणजे दुसरं शहर. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी मुकादमाकडे पाहिलं. तो यंत्राची पाण्याची नळी गुंडाळत होता.

ऑकलंडला परतले आणि अहवालात लिहिलं, की या स्थितीत पुढच्या वर्षी रेस घेण्याची शिफारस करता येत नाही. मसुदा पाठवला त्याच्या दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका होत्या. रेस गावात आणण्यासाठी त्यांनी दारोदार फिरून लोकांना तयार केलं होतं, हे मला तिथे असताना कळलं होतं. त्यांनी आवाज चढवला नाही, दबाव तर मुळीच आणला नाही.

"दोनच शब्द आहेत," त्या म्हणाल्या. "'येत नाही'च्या ऐवजी 'येईल, काळजीपूर्वक' असं लिहिता येणार नाही का?"

"नाही," मी म्हटलं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "पण विचारलं नसतं, तर मला स्वतःला माफ करता आलं नसतं." आणि मुलं काय करतात वगैरे चौकशी करून त्यांनी फोन ठेवला.

नवऱ्याने अहवाल वाचला नव्हता, मी दाखवलाही नव्हता. पण तिकडच्या वर्तमानपत्रात बातमी फुटली आणि त्याने ती ट्रेनमध्ये वाचली. घरी आला तो सरळ स्वयंपाकघरात.

"एक वर्ष काढता आलं असतं," तो म्हणाला. "वरून घट्ट डांबर, बाकीचं नंतर. एकदा तिकडून गेली की परत येत नाही गं ती."

"तू त्या वळणावर उभा राहशील?"

"राहीन."

त्याने ते अगदी सरळपणे म्हटलं. पुढचे दोन दिवस आमच्यात भाजी आणि गाडीची किल्ली एवढ्याच विषयांवर बोलणं झालं. मुलीने, जिला मराठी सगळं समजतं आणि जी उत्तर इंग्रजीत देते, जेवताना एकदा दोघांकडे पाहून विचारलं, "इज धिस अबाउट द रोड?" आम्ही दोघांनी एकदमच "जेव" म्हटलं.

रेस घ्यायची की नाही यावर शहराच्या सभेत मतदान होणार होतं, आणि तिथे मला व्हिडिओवरून बोलायचं होतं. त्यांची संध्याकाळ, माझी दुसऱ्या दिवशीची सकाळी अकराची वेळ. ऑफिसातल्या छोट्या खोलीत दार लावून बसले. पडद्यावर सभागृह भरलेलं दिसत होतं. पुढच्या रांगेत रेसचे टी-शर्ट घातलेली माणसं, कडेला अध्यक्षबाई, आणि मागे भिंतीशी टेकून मुकादम.

मी थर समजावून सांगितले, फोटो दाखवले. मग रेसच्या बाजूचे एक सभासद म्हणाले, "तुमच्या आराखड्यात सहा जागा आहेत आणि अहवालात सात. सातवी कुणी ठरवली? विरोधकांपैकी कुणी सुचवली का?"

सभागृहात चुळबुळ झाली. मी पडद्यावर मुकादमाला शोधलं. तो एवढासा दिसत होता, चेहरा काही कळत नव्हता. त्याच्या नोकरीचं काय होईल, गावात त्याला काय ऐकावं लागेल, हे मला माहीत नव्हतं. दोन शब्द बदलायला नकार दिलेली मी त्या क्षणी म्हणाले, "अहवालावर सही माझी आहे. जागाही मीच ठरवली."

खोटं बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. याचं मला नंतर नवल वाटलं.

मुकादम भिंतीपासून पुढे आला. माईक कुणी दिला नाही, त्याने घेतला.

"फुली मी मारली," तो म्हणाला. "मी खात्यात लागलो तेव्हा माझ्या वरिष्ठांनी मला ते रूळ दाखवले होते. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही, कारण मला ही रेस हवी होती. माझी बायको पहिल्या वर्षापासून त्याच वळणावर चालकांना इशारे द्यायला झेंडे घेऊन उभी असते. मागच्या वर्षी एक खडा तिच्या हेल्मेटला लागला. तिने घरी येऊन हसत सांगितलं." त्याने माईक दुसऱ्या हातात घेतला. "ती आत्ता इथे बसली आहे आणि माझ्यावर चिडली आहे."

पुढच्या रांगेतली टी-शर्ट घातलेली एक बाई मान खाली घालून बसली होती. ती तीच असावी.

मतदान झालं. पुढच्या वर्षी रेस घ्यायची नाही असं ठरलं, आणि अपेक्षेप्रमाणे काही आठवड्यांतच रेस दुसऱ्या शहराने उचलली. मी खोटं बोलले होते ते सभेच्या नोंदीत आहेच. माझ्या साहेबांना मी स्वतःहून सांगितलं. त्यांनी एक पत्र लिहून नोंद दुरुस्त करून घेतली आणि म्हणाले, पुन्हा असं करू नकोस. त्यांना माझा राग आला नव्हता, तरी बरेच दिवस मला त्यांच्यासमोर अवघडल्यासारखं होत होतं.

पुढच्या वर्षी एका सोमवारी नवऱ्याने नव्या शहरातली पहिली रेस लावली, तेव्हा मी चहा घेऊन शेजारी बसले. त्याने सरकून बसायला जागा केली. थोड्या वेळाने म्हणाला, "रस्ता चांगला दिसतोय."

"नवा आहे. नवा चांगलाच दिसतो."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही," मी म्हटलं. "खणून बघितलेला नाही."

तो हसला. या विषयावर, सभेनंतर प्रथमच.

मुकादमाचं पत्र तीनेक वर्षांनी आलं, ऑफिसच्या पत्त्यावर, हाताने लिहिलेलं. वळण खणून झालं होतं. रूळ निघाले ते शहराने भंगारात दिले. त्याची नोकरी शाबूत राहिली, पण कॉफीच्या दुकानात काही ओळखीची माणसं अजून त्याच्याकडे पाठ करून बसतात. बायको महिनाभर बोलली नाही. मग एक दिवस तिने नव्या शहरातल्या रेससाठी झेंडेवाली म्हणून अर्ज भरला आणि याला सांगितलं, गाडी तू चालवायचीस. एक दिवसाचा रस्ता आहे. ती वळणावर उभी असते, तो तिकीट काढून स्टँडमध्ये बसतो. अध्यक्षबाई अजून दर वर्षी रेसवाल्यांना पत्र पाठवतात, की आमचा रस्ता आता तयार आहे. उत्तर येतं, सभ्य भाषेत, नकाराचं.

"बायको म्हणते, ती त्या वळणावर आणखी दहा वर्षं उभी राहिली असती," त्याने लिहिलं होतं. "मला त्यात शंका नाही. आता तिथून शाळेची बस जाते. खड्डा पडलेला नाही."

मी पत्र नवऱ्याला वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, "उत्तर काय लिहिणार आहेस?"

मी अजून ठरवलेलं नव्हतं. शेवटी पायाचा थर किती जाडीचा घातला, ते विचारलं. त्याने उलट टपाली आकडा कळवला. बरोबर होता.