उमललेला मोगरा

इंग्रजांच्या काळात सागवान नेण्यासाठी रस्ता झाला. २०१४ साली हा भाग वेगळा जिल्हा झाला. २०१७ सालीही गंजाडच्या फाट्यावर सकाळची गाडी वेळेवर येत नव्हती. जबाबदार: तेव्हाचे इंग्रज सरकार आणि आजचे वेळापत्रक आखणारे.

तिथे डोंगरावरची एक बाई ओल्या फडक्याखाली मोगऱ्याच्या कळ्या घेऊन बसे. दादरच्या बाजारात उमललेले फूल कोणी घेत नाही. ती फडके उचलून हळूच फुंकर घाली, आणि अंधुक उजेडात सारा फाटा गंधावर तरंगू लागे.

"बाय, आज कळ्या उमलल्या वाटतं," तिच्यासारखीच गाडीची वाट पाहणारा मी एका सकाळी म्हणालो.

"कळ्यांना टाइमटेबल कुठं कळतंय, बाबा? लाकडं न्यायला रस्ता झाला, फुलांना गाडी नाय."

गाडीची आणखी वाट न पाहता तिने ती फुले फाट्यावरच्या बायकांना वाटली आणि ती डोंगराकडे परतली. तिच्या बुडालेल्या दिवसाचे उत्तर वेळापत्रक आखणाऱ्यांनी त्याच फाट्यावर, चारचौघांसमोर द्यावे.