हार्लन प्रुइटचं शेवटचं भाकीत

वेटली कॉलेजच्या फुटबॉल संघाचं यंदा काय होणार, हे कोचच्या आधी हार्लन प्रुइटला कळतं, असं आमच्या गावात म्हणत. पेशाने तो एसी दुरुस्त करणारा. कॉलेजची पायरी तो शिकायला म्हणून कधी चढला नाही, पण त्याचा बाप त्या मैदानाचं गवत कापायचा, आणि हार्लन त्या गवतातच वाढला. संघाची नारिंगी टोपी डोक्यावरून उतरायची ती फक्त चर्चमध्ये.

अलाबामातला ऑगस्ट म्हणजे अंगातून पाण्याच्या धारा. त्या उकाड्यात, मोसम सुरू होण्याआधीच्या एका शनिवारी, मेव्हिसच्या कॅफेत गावच्या रेडिओचा बक टिलरी माइक मांडायचा आणि हार्लन भाकीत सांगायचा. कोण पळेल, कोण ढेपाळेल, आपल्या जुन्या वैऱ्यांना, ऑकलीवाल्यांना, आपण कसे लोळवू. लोक उकडलेल्या शेंगा सोलत ऐकायचे, हसायचे, भांडायचे. वर्षातला तो एक दिवस हार्लनचा असे.

अलीकडे मात्र गर्दी पातळ होत चालली होती. बक त्याला म्हणालाच, ''राग मानू नको, हार्लन, पण पोरं म्हणतात, म्हाताऱ्याचं सगळं आमच्या फोनवर आधीच आलेलं असतं. यंदा काहीतरी नवं आण बाबा.''

हार्लन हसला, पण ते वाक्य त्याला कुसळासारखं सलत राहिलं.

त्याच आठवड्यात लोरेटा गेन्सच्या घरचा एसी बंद पडला. लोरेटा शाळेची बस चालवते. तिचा मुलगा मार्सेलस म्हणजे आमच्या संघाचा जीव. लांबोळा चेंडू काखेत मारून तो एकदा सुटला की कुणाच्या बापाला सापडायचा नाही. हार्लन गेला तेव्हा लोरेटा कामावर होती. मार्सेलस सोफ्यावर पाय पसरून बसला होता आणि गुडघ्यावर बर्फाऐवजी गोठवलेल्या मटारची पिशवी होती. दार उघडंच होतं, लपवायला त्याला वेळ मिळाला नाही.

''काय रे हे?''

''लाकडाच्या वखारीत ट्रकवरून उतरताना पाय मुरगळला, मिस्टर हार्लन. बरा होईल.'' मग पोरगा हळूच म्हणाला, ''कुणाला सांगू नका. आईलाही माहीत नाही. तुम्हाला हात जोडतो.''

''वेडा की काय! माझ्या तोंडून शब्द जायचा नाही. वचन.''

घरी येऊन त्याने फक्त बायकोला, नेल्डाला सांगितलं. ती म्हणाली, ''बिचारं पोर. आता विसरून जा.''

शनिवारी कॅफेत हार्लन बोलत होता आणि लोक जांभया देत होते. कोपऱ्यातल्या टेबलावरचा एक तरुण तर फोनमधून मानच वर काढत नव्हता. बकने विचारलं, ''आणि आपला मार्सेलस? यंदा विक्रम मोडणार की नाही?''

हार्लनने त्या तरुणाकडे पाहिलं. मग माइकजवळ वाकून म्हणाला, ''मार्सेलसवर विसंबू नका. गुडघा भोपळ्यासारखा सुजलाय. तुमच्या फोनवर नाही येणार हे. मी या डोळ्यांनी पाहिलंय.''

त्या तरुणाने फोन खाली ठेवला. हार्लनला काय गोड वाटलं म्हणून सांगू! हातातलं बिस्किट संपेपर्यंत तो गोडवा टिकला असेल. मग मेव्हिस कॉफी ओतता ओतता पुटपुटली, ''लोरेटा हाच कार्यक्रम ऐकत असते रे,'' आणि हार्लन कॉफी तशीच टाकून उठला.

घरी नेल्डाने ताट वाढलं, रेडिओकडे नुसतं बोट केलं आणि ती ओसरीवर जाऊन बसली.

कॉलेजच्या डॉक्टरांनी मार्सेलसला लगेच बोलावलं. गुडघ्याच्या आतलं लिगामेंट फाटलं होतं. मोसम गेला. पण डॉक्टर असंही म्हणाले की याच गुडघ्यावर खेळला असता तर पाय कायमचा अधू झाला असता. झालं! गावाने ते उचललं. लोक हार्लनची पाठ थोपटू लागले. चर्चमध्ये पाद्रीबुवा म्हणाले, ''खरं बोलायला धैर्य लागतं. आपल्या हार्लनने एका पोराचा पाय वाचवला.'' हार्लनने मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती हा विनय. तिथे उभं राहून ‘नाही’ म्हणायला त्याची जीभ उचलली नाही, आणि ही दुसरी लाज त्याला पहिलीपेक्षा जड गेली. त्याचं जेवण तुटलं. एसी दुरुस्तीला गेला की कुणाच्या घरात इकडेतिकडे बघायचीही त्याला चोरी वाटू लागली.

शेवटी तो लोरेटाच्या दारात गेला. तिने त्याला आत बोलावलं नाही.

''लोरेटा, मी चुकलो.''

''पाय वाचला, त्याबद्दल मी देवाचे आभार मानलेत, हार्लन. तुझे नाही मानणार.''

मागून कुबड्या टेकत मार्सेलस आला. तो रागावलेला नव्हता, आणि तेच हार्लनला सोसेना. ''मी सांगणारच होतो, मिस्टर हार्लन. आधी आईला, मग कोचना. धीर गोळा करत होतो. आता कोच म्हणतात, तू लपवलंस, तुझ्यावर विश्वास कसा ठेवू? स्वतःच्या तोंडाने सांगायचं तेवढं माझ्या हातात होतं. ते तुम्ही घेतलंत.''

''मी काय करू, पोरा?''

''तुम्ही मला वाचवलंत असं लोक म्हणतात ना, तेवढं थांबवा.''

पुढच्या शनिवारी, बकचा नेहमीचा कार्यक्रम कॅफेतून चालू असताना, हार्लनने त्याच्याकडून माइक मागून घेतला. कॅफे भरलेला होता. ''मी कुणाला वाचवलं नाही,'' तो म्हणाला. ''पोराने विश्वासाने सांगितलं होतं. मी वचन दिलं होतं. तुम्ही जांभया देत होतात, म्हणून मी ते विकलं. आणि तुम्ही शाबासकी दिलीत तेव्हा गप्प राहून तीही घेतली. तो लबाड नाही, मी आहे. कोच ऐकत असतील तर त्यांनीही ऐकावं.''

बकने घाईघाईने जाहिरात लावली. कुणी म्हणालं, ''जाऊ दे रे, एवढं काय मनाला लावून घेतोस!'' पण त्याच्या नजरेला नजर कुणी दिली नाही.

मार्सेलस पुढच्या वर्षी खेळला. पहिली चपळाई राहिली नव्हती, तरी खेळला. हार्लनने भाकीत पुन्हा सांगितलं नाही. बकने दोनदा आग्रह केला, मग सोडून दिला. आता कॅफेत तरुण पोरं फोनवरचे आकडे वाचून दाखवतात. सामन्याला हार्लन जातो, पण पाहुण्या संघाच्या बाजूला, अगदी वरच्या बाकावर बसतो. मार्सेलस रस्त्यात भेटला तर मान लववून ‘मिस्टर हार्लन’ म्हणतो, आणि थांबत नाही. लोरेटाची पिवळी बस समोरून आली की हार्लन अजूनही दुकानांच्या पाट्या वाचायला लागतो.