मोरी, सर्वानुमते मंजूर

निफाडकडच्या आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थेत मी सचिव झालो तो माझ्या इंग्रजीमुळे. ते चांगलं आहे असा गावाचा समज होता आणि तो खोडून काढायची मला कधी गरज वाटली नाही. त्याआधी दोन-तीन वर्षं मी बचत गटांच्या बैठका घेतल्या होत्या. त्यामुळे बायकांच्या अडचणी आपल्याला न सांगता कळतात, असा माझा स्वतःचाही एक समज होता. ही गोष्ट त्या दुसऱ्या समजाची.

दोन हजार सालानंतरचे दिवस. आमची द्राक्षं युरोपात जायला लागली होती. तिथल्या एका फेअर ट्रेडच्या, म्हणजे रास्त व्यापाराच्या, खरेदीदाराने आमच्याशी करार केला. पेटीमागे थोडे जादा पैसे मिळणार, पण ते शेतकऱ्याच्या खिशात जायचे नाहीत. त्यांचं काय करायचं ते बागेत राबणाऱ्या मजुरांनी बसून ठरवायचं, आणि पुढच्या हंगामात तिकडची बाई येऊन ते बघणार.

"बाग आपली, माल आपला, आन् ठराव त्यांचा?" चेअरमन म्हणाले.

"कागदावर त्यांचा," मी म्हणालो. असलं काही बोललो की मी हुशार वाटायचो.

मजूर सुरगाण्याकडचे. ऑक्टोबर छाटणीला टोळी यायची आणि माल निघेपर्यंत चेअरमनच्या बागेच्या कडेला, प्लास्टिकच्या कागदाच्या झोपड्यांत राहायची. त्यांची बैठक मी तिथेच द्राक्षाच्या मांडवाखाली घेतली. पुरुष तंबाखू मळत बसले. शेवटी टोळीतली एक बाई बोलली. शेजारी तिची नवी सून खाली मान घालून बसली होती.

"भाऊ, आम्हाला मोरी पाहिजे."

मला तर आनंदच झाला. रस्त्याखालून पाणी जायला सिमेंटचा पाइप टाकतात, त्याला आमच्याकडे मोरी म्हणतात. चेअरमनच्या बागेकडच्या रस्त्यावर पाटाचं पाणी यायचं आणि पेट्यांचा ट्रॅक्टर रुतायचा. तिथे मोरी हवी म्हणून चेअरमन ग्रामपंचायतीत दोन वर्षं भांडत होते.

"कुठं पाहिजे?" मी विचारलं.

"हितंच, रस्त्याच्या अंगाला."

"बरोबर. पाण्याचा त्रास आहे ना?"

"पानी वाहून गेलं म्हंजे झालं. तुंबाया नको."

"आणि ट्रॅक्टर?"

"त्याचा तर लय तरास, भाऊ." सगळ्या बाया एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. "सकाळच्या पारी नेमका येतो. आन् हितं आला का थांबतोच."

"रुततो," मी म्हणालो.

"रुततो का काय करतो, त्याचं त्याला ठावं," मागून एक म्हातारी म्हणाली. हशा वाढला. मीही हसलो.

"आन् वरून झाकलेली पाहिजे," सासू म्हणाली.

"चांगली जाड करू. वरून ट्रक गेला तरी मोडणार नाही."

बाया माझ्याकडे बघत राहिल्या. शिकलेला माणूस जरा जास्तच करतो, असं त्यांना वाटलं असावं. मी ठराव लिहिला, 'मोरी, सर्वानुमते मंजूर', आणि त्याखाली अंगठे घेतले. चेअरमननी माझी पाठ थोपटली आणि चहात दूध जास्त घालायला सांगितलं.

टोळी गावी गेल्यावर उन्हाळ्यात त्या जादा पैशांतून पाइप पडले, वर स्लॅब पडला. ऑक्टोबरात टोळी परत आली ती टेम्पोतून, त्या मोरीवरूनच. सासूने गाठोडं खाली ठेवलं आणि विचारलं, "मोरी कुठं हाय?"

"अहो, आत्ता आलात की तिच्यावरून!"

ती मागे चालत गेली. वाकून तिने पाइपात बघितलं, या तोंडाने आणि त्या तोंडाने.

"भाऊ, यात आंघोळ कशी करायची? आडवं पडून?"

माझ्याही घरात मोरी होती. रोज सकाळी तिच्यात उभा राहून मी मोठमोठ्याने गायचो. बैठकीत ती आठवली नव्हती. बाया उजाडायच्या आत उठायच्या, दोघी लुगडं धरून उभ्या राहायच्या, तिसरी मागे बसून आंघोळ उरकायची. तेवढ्यात ट्रॅक्टर यायचा, दिवे लावून, आणि थांबायचा. रुतलेला नसतानाही.

"सून यायलाच तयार नव्हती," सासू म्हणाली. "मोरी झाली आसंल म्हणून सांगून आणली मी तिला. आता ती चालली परत. तिच्या वाटणीचं काम कोण करंल, तुम्ही?"

मी चाचरत म्हणालो, "परदेशातल्या बाई येणार आहेत. त्यांना मी नीट समजावून सांगतो."

"तुम्ही कायबी सांगू नका. मी सांगते. तुम्ही निस्तं विंग्रजीत बोला."

सून त्या बाई येईपर्यंत थांबायला कशीबशी तयार झाली. जानेवारीत त्या बाई आल्या. सासू स्लॅबवर उभी राहून बोलली, शेवटी हातवारे करून आंघोळ करून दाखवली, आणि मी शब्दाला शब्द लावला. त्यांनी न्हाणीघर मागितलं होतं आणि मी त्यांना पूल दिला, हे मला इंग्रजीत सांगावं लागलं. माझं इंग्रजी इतकं स्वच्छ त्याआधी कधी झालं नव्हतं.

बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "यावरून कोणाची वाहनं जातात?"

मी चेअरमनकडे बघितलं. चेअरमननी द्राक्षांकडे बघितलं.

मोरीचा खर्च सभासदांनी भरून द्यायचा आणि त्यातून आधी न्हाणीघरं बांधायची, तोवर पेट्यांवर रास्त व्यापाराचा शिक्का नाही, असं ठरलं. गाडी गेल्यावर चेअरमन म्हणाले, "तुझं इंग्रजी बघून घेतलं रे तुला. मराठी तपासायला पाहिजे होतं."

चार न्हाण्या पंधरा दिवसांत उभ्या राहिल्या. पत्र्याची दारं, वर पत्रा, पाणी जायला पाइप. सासू सुनेला घेऊन आली. सून आत गेली आणि लगेच बाहेर आली. गवंड्याने कड्या बाहेरून बसवल्या होत्या. त्याला 'दाराला कडी' एवढंच मी सांगितलं होतं.

सासूने बाहेरची कडी एकदा लावून दाखवली. मी स्वतः पान्हा आणि पेचकस घेऊन आलो आणि कडी आतून बसवली. वेळ लागला, वाकडी बसली, पण बसली. सून बादली घेऊन आत गेली. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"झालं," सासू म्हणाली. "आता तुम्ही जावा, भाऊ."