काळेमामा बरोबर सांगत होते

मित्रांनो, आज माझाच रिपोर्ट खोटा ठरला.

तीर्थपुरीकडच्या सबस्टेशनचे ऑपरेटर काळेमामा मागच्या वर्षी म्हणाले होते, "साहेब, वाऱ्यात तार झाडाला टेकून-सुटून राह्यली, तर रिले लाईन बंद करत न्हाई."

रिले म्हणजे बिघाड झाला की लाईन आपोआप बंद करणारं उपकरण; ते तपासणं माझं काम. मी नेहमीची तपासणी करून 'रिले ठीक' असं लिहिलं. पुढे त्याच लाईनचा शॉक लागून एक म्हैस दगावली. रिले ठीक, म्हणजे चूक ऑपरेटरची, असा ठपका मामांवर आला आणि त्यांची बदली झाली.

आज लॅबमध्ये कॉम्प्युटरवर तशाच लाईनची नक्कल उभी केली आणि तार टेकता-सुटताना वाहतो तसा तुटक करंट अॅम्प्लिफायरने वाढवून खऱ्या रिलेला दिला. रिलेने लाईन बंद केलीच नाही.

मामांना फोन करून माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "मंग हे कागदावर लिहून देता का?"

आता तेच लिहितोय. तुम्हीही कधी कुणाचं असं ऐकायचं टाळलंय का?